गोल फिरणारं प्रत्येक मांजर पिसाळलेलं नसतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या सांगली पानावर एक चौकटीतली बातमी होती. मिरज तालुक्यातल्या एका गावात ‘पिसाळलेल्या’ मांजराला ग्रामस्थांनी काठ्यांनी मारलं आणि ओढ्याकाठी पुरलं. मांजर एकाच बाजूला गोल गोल फिरत होतं, भिंतीला धडकत होतं, मध्येच आडवं पडून पाय झाडत होतं, तोंडातून लाळ गळत होती. त्याला उचलायला गेलेल्या एका आजींच्या मनगटावर ओरखडा उठला. बातमी एवढ्यावरच संपली. मांजर कुणाचं होतं, त्याचं वय काय, त्याने काय खाल्लं होतं, अंगावर कसलं औषध टाकलं होतं का, शेजारच्या रानात फवारणी झाली होती का, यातलं काहीच तिच्यात नव्हतं. आजींना लस मिळाली का, हेसुद्धा नव्हतं.

मी मिरजेत सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. बहुतेक वर्षं मेडिसीन वॉर्ड आणि कॅज्युअल्टीत गेली. बसल्या जागी झटके आले, एक बाजू लुळी पडली, ओळखेनासा झाला, असे पेशंट आमच्याकडे रोजचेच. त्यांना दारातच कुणी वेडा ठरवत नसे. साखर बघायची, बीपी बघायचं, डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या बघायच्या आणि सोबत आलेल्या माणसांना खोदून खोदून विचारायचं. मांजरालाही मेंदू आहे. त्यातही रक्तपुरवठा तुटतो, विष चढतं, जीवनसत्त्व कमी पडतं, जंतू शिरतात, आणि बाहेरून दिसणारा प्रकार जवळजवळ सारखाच असतो. सकाळी दूध पिऊन गेलेलं मांजर संध्याकाळी भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं. घरची माणसं घाबरतात. कुणी म्हणतं बाहेरचं झालंय, कुणी म्हणतं पिसाळलंय, आणि काठी शोधली जाते.

आधी रेबीजचंच बोलते, कारण त्यात हयगय चालत नाही. मांजरांना रेबीज होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होतो. लक्षणं सुरू झाल्यावर माणूस वाचत नाही, हे मी वॉर्डात पाहिलं आहे आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नाही. म्हणून वागणं अचानक बदललेल्या मांजराला उघड्या हाताने कुणीही धरू नये. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रक्त न येता नुसतं खरचटलं असलं तरी लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागतं. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी आणि मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते, आणि शेवटचा डोस बरीच माणसं चुकवतात.

आणि नेमकं रेबीजसाठीच, संशय असलेलं मांजर ठार मारणं हे सगळ्यांत वाईट. जनावर जिवंत असताना रेबीजचं खात्रीचं निदान होत नाही, ते मेंदूच्या नमुन्यावरच होतं. पण चावलेलं कुत्रं किंवा मांजर १० दिवस डोळ्यांसमोर ठेवता आलं आणि ते धडधाकट राहिलं, तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं. मेलं, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून नमुना तपासणीला पाठवता येतो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. त्या गावात मात्र काठ्या डोक्यात बसल्या आणि उरलेलं मातीत गेलं. आता ते मांजर पिसाळलेलं होतं की नव्हतं हे कुणालाच कधी कळणार नाही, आणि त्या आजींना रेबीज होताच असं धरून सगळे डोस पूर्ण करावे लागतील. आपल्या वार्ताहरांनी तेवढी चौकशी जरूर करावी.

कोंबड्या झाकायचं डालगं घरोघर असतं. लांबूनच ते मांजरावर पालथं घालायचं, वर दगड ठेवायचा, अंधार होईल असं पोतं टाकायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. शहरात डालगं नसेल तर खोलीचं दार बाहेरून लावून घ्यायचं. माणसं सुरक्षित राहतात आणि जनावर तपासायला हाती राहतं.

आता दुसरी बाजू. आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलीने पांढरं मांजर पाळलं आहे. त्याला पिसवा झाल्या म्हणून तिने दुकानातून मानेवर टाकायचं औषध आणलं. कुत्र्याचं आहे पण मांजरालाही चालतं, निम्मं टाका, असं दुकानदाराने सांगितलं. रात्री औषध टाकलं. पहाटे तिची आई माझं दार वाजवत होती. मांजराचे कान फडफडत होते, तोंडाचे स्नायू उडत होते, सगळं अंग थरथरत होतं, आणि माझ्यासमोरच त्याला मोठा झटका आला. शेजारचे एक काका तोवर पोतं घेऊन आले होते. मी आधी पुडी मागितली. वर कुत्र्याचं चित्र आणि खाली बारीक अक्षरांत पर्मेथ्रिन.

हे द्रव्य मज्जातंतूंमधली सोडियमची वाट बंदच होऊ देत नाही, त्यामुळे तंतू थांबायचं नाव न घेता संदेश सोडत राहतो. कुत्र्याचं यकृत ते फोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ग्लुकुरोनाइडचा जोड लावून विष बाहेर काढायचं काम नीट जमत नाही, म्हणून तेच औषध त्याच्या अंगात साठतं. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिनचं प्रमाण ४५ टक्के आणि त्याहूनही जास्त असतं. तीन-चार किलोच्या मांजराला निम्मं काय, त्याहून कमीदेखील भारी पडतं. जाता जाता सांगते, तापाची पॅरासिटामोल याच कारणाने मांजराला जीवघेणी ठरते, अर्धी गोळीसुद्धा देऊ नये.

पशुवैद्य डॉक्टरांनी झटका थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि मान-पाठ भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायला लावली. पाणी कडक नको, कारण गरम पाण्याने कातडीतलं शोषण वाढतं. अगदी गारही नको, कारण थंडीने थरथर आणखी वाढते. अशा विषबाधेत थरथर ओसरायला दोन-तीन दिवस लागतात, तसे ते लागले. मांजर आज पूर्ण बरं आहे. त्या पहाटे पोत्यात गेलं असतं तर गल्लीत कायमचं हेच सांगितलं गेलं असतं की अमक्यांचं मांजर पिसाळलं होतं.

आपल्या जिल्ह्यात विषाचे आणखीही रस्ते आहेत. तासगाव आणि मिरज पूर्व भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात. फवारलेल्या बागेतून मांजर फिरून आलं की अंग चाटून साफ करतं, आणि अंगावरचं सगळं पोटात जातं. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं औषध असेल तर लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, स्नायू उडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, मग झटके. शेतकरी पेशंटमध्ये हेच चित्र आम्ही कॅज्युअल्टीत कितीदा पाहिलं आणि अ‍ॅट्रोपिनच्या किती कुप्या फोडल्या, त्याची गणती नाही. मांजरालाही अ‍ॅट्रोपिनच लागतं, पण वेळेत लागतं आणि कोणतं औषध फवारलं होतं हे डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे. सांगलीच्या हळदीच्या आणि धान्याच्या गोदामांत उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड ठेवतात. ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी धोका असतो.

नदीकाठच्या लोकांना एक विशेष सांगणं. कृष्णेतले किंवा तळ्यातले कच्चे मासे रोज मांजराला घालू नका. कार्प कुळातल्या अनेक माशांत थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नासवतं. कुत्र्याच्या मानाने मांजराला बी-१ बरंच जास्त लागतं. काही आठवडे असं चाललं की आधी खाणं कमी होतं, मग एक दिवस मांजर झिंगल्यासारखं चालतं, बाहुल्या मोठ्या होतात, मान खाली वाकून हनुवटी छातीला टेकते आणि झटके सुरू होतात. दारूने खंगलेला पेशंट आला की आमचे डॉक्टर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायला लावत, कारण त्याच जीवनसत्त्वावाचून माणसाचा मेंदूही असाच कोसळतो. वेळेत इंजेक्शन मिळालं तर मांजर एक-दोन दिवसांत मान उचलतं. औषध अगदी स्वस्त आहे. आणि मासे उकडून घातले तर थायमिनेज मरतं, मग हा प्रश्नच येत नाही.

म्हातारी मांजरं एका रात्रीत आंधळी होतात, बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या राहतात, सामानाला धडकतात. याचं नेहमीचं कारण बीपी. किडन्या थकल्या किंवा थायरॉईड वाढला की मांजराचंही बीपी चढतं. वरचा आकडा १६० च्या पुढे राहिला की डोळ्याचा पडदा सुटू शकतो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. औषध कोणतं, तर आपल्या घरातल्या आजोबा-आजींचं अ‍ॅम्लोडिपिनच. फक्त मात्रा अगदी लहान, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. मान तिरकी, डोळे भिरभिरताहेत, एका बाजूला कोलमडतंय, पण शुद्धीत आहे, अशा मांजराचा बिघाड बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात असतो. कानात पू नसेल तर पुष्कळदा ते दोन-तीन आठवड्यांत आपलं आपण सावरतं.

इंटरनेटवर ‘मांजराला अचानक मेंदूचा आजार’ असं शोधलं की पहिल्यांदा जे समोर येतं त्याबद्दलही लिहायला हवं, कारण त्यातून इथे गैरसमज होतो. माझी भाची अमेरिकेत पेनसिल्वेनियात राहते. तिचं बाहेर हिंडणारं मांजर ऑगस्टात काही दिवस शिंकत होतं. मग एका सकाळी ते एकाच बाजूला गोल फिरू लागलं, एका डोळ्याने दिसेना, आणि जन्मात कुणाला न बोचकारलेलं ते मांजर तिच्या अंगावर धावून गेलं. एमआरआय झाला. तिथे या आजाराला फेलाइन इस्केमिक एन्सेफलोपथी म्हणतात. क्यूटेरेब्रा नावाची माशी ससे-उंदरांच्या बिळांच्या तोंडाशी अंडी घालते. मांजर तिथे हुंगायला गेलं की बारीक अळी नाकात शिरते आणि क्वचित मेंदूपर्यंत पोचते. मग मेंदूच्या एका अर्धभागाला रक्त देणारी मोठी धमनी आखडते आणि तेवढा भाग मरतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात, मुख्यतः जुलै ते सप्टेंबर, हे दिसतं. आघात एकदाच होतो, नंतर वाढत जात नाही, त्यामुळे पुष्कळ मांजरं जगतात. काहींचा स्वभाव बदललेला राहतो, काहींना झटक्यांची गोळी चालू ठेवावी लागते. भाचीचं मांजर थोडं तिरसट झालंय, पण तिच्या उशाशीच झोपतं.

ही माशी फक्त अमेरिका खंडांतली आहे, आपल्याकडे नाही. आपल्या जत-आटपाडीच्या मेंढपाळांना मेंढ्यांच्या नाकातल्या अळ्या माहीत आहेत. त्यांची माशी त्याच मोठ्या कुळातली, पण वेगळी. अमेरिकेतले डॉक्टर मांजराच्या त्या आजारात आयव्हरमेक्टिन हे अळ्या-जंत मारायचं औषध वापरतात, तेही आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन देऊन. हे वाचून कुणी मेंढ्यांसाठी आणलेल्या बाटलीतलं आयव्हरमेक्टिन घरच्या मांजराला टोचू नये. जास्त झालं तर त्याच औषधाने मांजर आंधळं होतं, कोमात जातं.

कुणी म्हणेल, जिल्ह्यात माणसांचेच प्रश्न थोडे आहेत का, मांजराच्या मेंदूसाठी एवढी जागा कशाला. जपानमध्ये मिनामाता नावाचं मासेमारीचं गाव आहे. १९५० नंतरच्या वर्षांत तिथली मांजरं वेड्यासारखी उड्या मारू लागली, गोल फिरू लागली, समुद्रात पडून मेली. लोक त्याला नाचणाऱ्या मांजरांचा रोग म्हणत. पुढे तेच मासे खाणाऱ्या माणसांचे हात थरथरू लागले, नजर आणि वाचा गेली, आणि १९५६ च्या मे महिन्यात माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत सोडलेला पारा माशांत साठला होता. १९५९ मध्ये कारखान्याच्याच इस्पितळातले डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून ४०० क्रमांकाच्या मांजराला खाऊ घातलं, आणि त्याला तोच आजार झाला. कंपनीने ती गोष्ट दाबून ठेवली आणि पारा आणखी काही वर्षं खाडीत जात राहिला. आपण नदीकाठी राहतो, नदीचे मासे खातो, फवारलेल्या बागांच्या मधोमध घरं आहेत. एखाद्या गल्लीत एकामागोमाग मांजरं झटके येऊन मरू लागली तर ते आधी कुणीतरी लिहून ठेवायला हवं. काठी मारून पुरलेल्या मांजराची नोंद कुठेच होत नाही.

झटका आलेला असताना घरच्यांनी काय करायचं ते थोडं आहे. तोंडात बोट, चमचा, पाणी, दूध काही घालायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. आजूबाजूचं सामान दूर करायचं, जिना आणि आडाचं तोंड झाकायचं, टीव्ही बंद, दिवा मंद. मोबाइलवर वेळ आणि व्हिडिओ घ्यायचा. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो आणि डॉक्टरांना तो व्हिडिओच उपयोगी पडतो. पाच मिनिटांत थांबला नाही तर वाट न बघता निघायचं. अंगावर टाकलेल्या, घरात मारलेल्या, बागेत फवारलेल्या औषधाची पुडी किंवा बाटली सोबत न्यायची.

पण न्यायचं कुठे? खेड्यातला माणूस तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन गेला की त्याला हसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. गाई-म्हशी-शेळ्यांवर संसार चालतो, त्यांना पहिला नंबर मिळावा, हे मलाही मान्य आहे. तिथले डॉक्टर एकटे असतात आणि दहा गावं सांभाळतात. मात्र मांजरासाठी लागणारं सामान फार नाही. झटके थांबवायचं इंजेक्शन, अ‍ॅट्रोपिन, बी-१, जाळीचा एक पिंजरा आणि कातडी हातमोजे. गुंतागुंतीचं असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सांगलीहून ते हायवेवरच पडतं, तिकडे पाठवता येईल. रेबीजची लस मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर आणि मग वर्षाने द्यायची असते. कुत्र्यांच्या लसीकरण शिबिराच्या पत्रकात ‘आणि मांजरं’ एवढे दोन शब्द घातले तरी लोक टोपलीत घालून घेऊन येतील.

दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की पिसवांचं किंवा गोचिडाचं औषध देताना आधी जनावर कोणतं ते विचारा. घरात कुत्रं आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला लावलेलं औषध सुकेपर्यंत मांजर त्याच्या अंगाशी झोपणार नाही हेही सांगा. औषध प्रशासनाने कुत्र्याच्या पर्मेथ्रिनच्या प्रत्येक पुडीवर ‘मांजराला वापरू नये’ असं मराठीत ठळक छापायला लावावं.

आणि आपल्याला विनंती अशी की तपासणी झाल्याशिवाय ‘पिसाळलेलं’ असा शब्द मथळ्यात नको. ‘रेबीजचा संशय’ एवढं लिहिलं तरी लोक सावध राहतात. सोबत जखम धुण्याची आणि लसीची दोन वाक्यं छापावीत.

वर लिहिलेल्या सामानासाठी मी मिरज पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडे अर्ज केला आहे. त्याची प्रत या पत्रासोबत जोडत आहे. जागा असेल तर तीही छापावी, म्हणजे इतर तालुक्यांतल्या लोकांना तसाच अर्ज आपापल्या पंचायत समितीकडे देता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
ब्राह्मणपुरी, मिरज, जि. सांगली